जी ड्राइव्हमधले बुवा

दत्ताराम घाडीला साखर नव्हती, रक्तदाब नव्हता, आणि सहासष्टाव्या वर्षीही त्याचे गुडघे बोरीवलीच्या पुलाचे जिने बिनतक्रार चढत होते. त्याला एकच दुखणं होतं आणि ते वाकोल्याला राहत होतं. चंद्रप्रकाश आंगणे हे त्या दुखण्याचं नाव. दत्ताराम ते नाव शक्यतो घेत नसे. ‘तो वाकोल्याचा’ एवढंच म्हणे, आणि तेही अशा सुरात, की ऐकणाऱ्याला वाटावं वाकोला ही एखादी वाईट सवय आहे.

दोघेही भजनी बुवा. म्हणजे दत्ताराम एके काळी होता आणि चंद्रप्रकाश अजून आहे. सगळी मेख तिथेच होती. ज्यांनी डबलबारी पाहिलेली नाही त्यांना सांगायचं तर, आमच्या कोकणी माणसाला भजनसुद्धा भांडल्याशिवाय गोड लागत नाही. दोन बुवा आपापली पेटी घेऊन समोरासमोर बसतात, मागे ज्याचा त्याचा कोरस आणि पखवाज. एकाने अभंग म्हटला की दुसऱ्याने त्याच्यावर चढ म्हणायचा. रंग भरला की गाण्यातूनच चिमटे काढायचे, पुराणातले प्रश्न टाकायचे, आणि ज्याला उत्तर सुचलं नाही त्याच्या नावाने मैदानभर शिट्ट्या. तोंडी देवाचं नाव आणि चाललेली कुस्ती, असा तो प्रकार.

दत्तारामचा बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर घाडी कुटुंब परळ सोडून बोरीवली पूर्वेला आलं, आणि दत्ताराम कांदिवलीच्या एका प्लास्टिकच्या कंपनीत फिटर म्हणून लागला. आठवडाभर मशीनचं तेल, आणि शनिवारी रात्री रेशमी झब्बा. त्या झब्ब्यातला दत्ताराम वेगळाच असे. भांडुपपासून दहिसरपर्यंत त्याच्या बारीला लोक घरातली जेवणं उरकून सतरंज्या घेऊन यायचे. मग घशाने दगा दिला. स्वरतंतूंवर गाठी आल्या, ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी दोन वर्षं गाणं बंद ठेवायला सांगितलं. दोन वर्षांनी गायला तोंड उघडलं तेव्हा आतून जो आवाज आला तो पाण्याची मोटर सुरू होताना येतो तसला होता. आणि मधल्या काळात दत्तारामच्या बाऱ्यांच्या सगळ्या तारखा चंद्रप्रकाशला गेल्या होत्या. त्याने त्या हिसकावल्या नव्हत्या, लोकांनीच आणून दिल्या होत्या. पण रिकाम्या माणसाला हा फरक दिसत नाही.

तेव्हापासून दत्ताराम जळत होता. चंद्रप्रकाशच्या भजनांचे गजर मोबाईलवर यायला लागले तेव्हा जळला, त्याला शिष्य मिळाले तेव्हा जळला, त्याचे दात शाबूत आहेत हे एका फोटोत दिसलं त्या दिवशी तर जेवला नाही. सोसायटीत आता दत्तारामला सगळे घाडीकाका म्हणत. पूर्वी बुवा म्हणत. घरात त्याची बायको प्रेमासुद्धा पूर्वी, भरल्या घरात, ‘बुवांका चाय देवा’ म्हणायची. आता नुसतं ‘अहो’ उरलं होतं.

अशातच कोकणवासीयांच्या मंडळाचा चिटणीस नितेश घरी आला. चाळिशीतला, गोड बोलणारा, सतत घाईत असलेला माणूस. मंडळाच्या वर्धापनदिनाला चंद्रप्रकाश आंगणेबुवांचा जाहीर सत्कार ठरला होता. शाल, श्रीफळ, मोठा पडदा, सगळं काही. घाडीकाकांनी पहिल्या रांगेत बसावं आणि जुने सहकारी म्हणून दोन शब्द बोलावेत, अशी मंडळाची इच्छा होती.

सहकारी हा शब्द दत्तारामच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला. तो नितेशला म्हणाला, सहकारी कसला, दहिसरच्या मैदानात मी त्याला गार केला होता. रामायणातला एक आडवळणाचा प्रश्न टाकला आणि हा पेटीवर बोटं ठेवून तसाच बसून राहिला, तोंडातून अक्षर नाही, अख्खं मैदान उभं राहिलं होतं. नितेशने मान डोलावली. तेव्हा तो कॉलेजात होता आणि दहिसरला वगैरे गेलेला नव्हता. पण दत्तारामने त्या बारीची व्हीसीडी निघाली होती असं सांगितल्यावर त्याचे डोळे चमकले. म्हणाला, “काका, क्लिप असेल तर झकासच. पडद्यावर पाच मिनिटं लावू. लोकांना जुनं बघायला जाम आवडतं.”

एवढं बोलून नितेश गेला आणि दत्तारामच्या अंगात वीस वर्षांपूर्वीचं वारं शिरलं. सत्कार त्याचा, शाल त्याची, आणि पडद्यावर हार त्याची. भर सभेत, त्याच्याच बायकोमुलांसमोर. दत्ताराम त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवला.

व्हीसीडी दोन डिस्कची होती. काढणारी कंपनी कधीच बंद पडली होती, पण घरातला संच प्रेमाने कपाटात सांभाळून ठेवला होता. कसा सांभाळला होता ते ऐकण्यासारखं आहे. दर दसऱ्याला ती पाटावर पेटी, टाळ आणि त्यासोबत ह्यातली एक डिस्क मांडून पूजा करायची. ज्याने घराला नाव मिळवून दिलं त्याची पूजा, हा साधा हिशेब. आता पहिल्या डिस्कवर चंद्रप्रकाशचा फोटो छापलेला होता. त्याची पूजा करायचं काही कारण नव्हतं, म्हणून ती डब्यातच राहायची. दुसरीवर दत्तारामचा फोटो होता. पण जित्याजागत्या नवऱ्याच्या फोटोला फूल वाहायचं, अक्षता टाकायच्या? असलं अभद्र प्रेमाच्या हातून होणं शक्य नव्हतं. म्हणून ती डिस्क उलटी करायची, आणि त्या चकचकीत बाजूला ओलं हळदकुंकू लावायची. दुसऱ्या दिवशी जुन्या पंच्याने गोल गोल घासून स्वच्छ करून ठेवायची. असे कितीतरी दसरे झाले होते.

मुलगी दिशा अंधेरीच्या एका ऑफिसात लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर सांभाळायचं काम करत असे. तिच्या लॅपटॉपला डिस्कची खाच नव्हती, म्हणून तिने ऑफिसातून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. पहिली डिस्क घातली, ती गुणी बाळासारखी चालली. चंद्रप्रकाश गाऊ लागला. दुसरी घातली. ड्राइव्हने दोन-तीनदा घसा खाकरल्यासारखं केलं आणि गप्प झाला. दिशाने डिस्क उजेडात धरून पाहिली, मग आईकडे पाहिलं. प्रेमाने काय काय केलं ते अभिमानाने सांगितलं.

“आई, अगं वाट लागली हिची. सगळं त्या बाजूलाच असतं,” दिशा म्हणाली.

ज्या डिस्कवर तो वाकोल्याचा होता ती धडधाकट, आणि आपली मात्र भक्तीने मेली, हे दत्तारामला नशिबाने काढलेला चिमटा वाटला. प्रेमावर ओरडावं तर तिने वाईट हेतूने काहीच केलं नव्हतं. त्याने नुसता पंचा उचलून खिडकीबाहेर झटकला.

दिशा म्हणाली, एक उपाय आहे. कुणी ही डिस्क चांगली असताना तिची इमेज करून ठेवली असेल, म्हणजे अख्खी डिस्क जशीच्या तशी फाइल करून, तर ती चालेल. व्हर्च्युअल ड्राइव्हचं सॉफ्टवेअर असतं. ते कॉम्प्युटरमध्ये एक खोटा ड्राइव्ह तयार करतं. खरा नसतो, पण कॉम्प्युटरला वाटतं आहे. त्याच्यात ती फाइल टाकली की कॉम्प्युटर समजतो कुणीतरी खरोखरची डिस्क घातली. दत्तारामला ते पटायला वेळ लागला. पानात काही वाढलेलं नाही आणि पोट भरलं म्हणायचं, असला प्रकार त्याला दिसला. पण अशी इमेज कुणाकडे असेल, असं त्याने विचारलं, आणि दिशाने नितेशला फोन केला. नितेशने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, आंगणेबुवांकडे. सगळ्या बुवांच्या सगळ्या डिस्क त्यांनी जमवून कॉम्प्युटरवर चढवल्यात, स्वतः बसून.

म्हणजे इथेही तोच. आपण मोबाईलवर फोटो पाठवायचा तर दिशाची वाट बघतो, आणि हा माणूस सगळ्यांच्या डिस्कांचा मालक होऊन बसला आहे. दत्ताराम दोन दिवस नको म्हणाला. दिशा मेसेज टाकते म्हणाली तर तिच्यावर खेकसला. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून एकटाच वाकोल्याला गेला. हरवायचा पुरावा हरलेल्याच्याच घरून आणायचा होता, पण तो आणल्याशिवाय सत्काराच्या दिवशी पहिल्या रांगेतल्या त्या खुर्चीवर त्याच्याने बसवलं नसतं.

चंद्रप्रकाशची चाळ पाडून तिथे टॉवर झाला होता. लिफ्ट होती. लिफ्टमध्ये आरसा होता. दत्तारामने वर जाईपर्यंत आरशाकडे पाठ करून दोन्हींचा राग केला. दार चंद्रप्रकाशनेच उघडलं. केस पांढरे, पण होते. दात तर होतेच.

“ये रे दत्तू. वाट चुकलंस काय?” तो म्हणाला, आणि त्या साध्या वाक्यातसुद्धा त्याचा आवाज असा भरून आला की दत्तारामला त्याचा गळा धरावासा वाटला.

चहा आला, बायकोने हातची नारळाची वडी दिली, नातवाची चौकशी करावी लागली. दत्तारामने घाई केली आणि कामाचं सांगितलं. त्याला वाटलं होतं हा आढेवेढे घेईल. बघतो म्हणेल, सापडत नाही म्हणेल, निदान चेहरा तरी पाडेल. तसं झालं असतं तर दत्ताराम हसत घरी आला असता. चंद्रप्रकाश उठला, लॅपटॉप समोर ओढला आणि एका फोल्डरवर टिचकी मारली. ‘दहिसर, भाग २’. फाइलवर उजवी टिचकी, यादीतून जी ड्राइव्ह निवडला, आणि पडद्यावर एक गोल डिस्क उमटली. हे त्याने पेटीचा भाता ओढावा तितक्या सहज केलं. मग शिकवणीतल्या मुलाला सांगावं तसं दत्तारामला समजावून सांगितलं, की ह्या दोन फायली आहेत. मोठीत गाणं आहे. छोटी अगदी किरकोळ दिसते, पण डिस्कवर काय कुठे आहे ते तिच्यात असतं. कचरा समजून ती उडवायची नाही. दोन्ही एकत्र ठेवायच्या.

दत्ताराम मान हलवत होता आणि मनात म्हणत होता, शिकव, अजून शिकव. चंद्रप्रकाशने दोन्ही फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि तो दत्तारामच्या तळहातावर ठेवला.

“नितेश बोललो माका. कार्यक्रमात लावतलंस मा? लाव. माका काय वाटाचा नाय. तुजी बारी ती.”

परत येताना दत्ताराम रिक्षात मुठी आवळून बसला होता. सूड घ्यायचा तर तोही ह्याच्या परवानगीने, ह्याच्या पेन ड्राइव्हवरून, ह्याच्या हातची वडी खाऊन. मोठेपणासुद्धा त्या माणसाने आपल्यासाठी शिल्लक ठेवला नाही, असं त्याला वाटलं. ते खोटंही नव्हतं.

संध्याकाळी दिशाने ते सॉफ्टवेअर घातलं. सांगितल्याप्रमाणे जी ड्राइव्ह आला, डिस्क आली. प्रेमा चष्मा पुसत स्टूल ओढून बसली. दत्ताराम तिच्यामागे खुर्चीत. त्याला फक्त तो एक प्रश्न बघायचा होता, आणि त्यानंतरचं चंद्रप्रकाशचं तोंड. तो दिशाला म्हणाला, पुढे ढकल. पण तेवढ्यात चित्र सुरू झालं होतं.

झब्बा मोतिया रंगाचा होता. कपाळाला बुक्का, केस काळेभोर मागे वळवलेले. पेटीवर डावा हात टाकून तो माणूस एकदा कोरसकडे बघून हसला, डोळे मिटले आणि वरच्या सुरात शिरला. लॅपटॉपच्या त्या एवढ्याशा भोकातून तो आवाज आला आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तरी कुणी उठलं नाही. दिशा तोंड उघडं टाकून बघत होती. लहानपणी ती बारीला यायची ती झोपायलाच. दत्तारामनेही हा आवाज कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. आपण चांगलं गात होतो हे तो सगळ्यांना सांगत असे. पण इतकं, हे तो स्वतःच विसरला होता.

तरी त्याचा जीव त्या प्रश्नात होता. तो पुढे वाकला आणि म्हणाला, “दिशा, पुढे घे गं, तो जिथे गप्प बसतो ना, तिथे घे.” म्हणाला म्हणजे काय, खरखरला. पडद्यातल्या तानेवर ती खरखर आडवी आली.

प्रेमाने मागे न बघताच हात वर केला.

“गप रवा जरा. माका बुवांका आयकाक दिया.”

दत्ताराम खुर्चीत मागे टेकला. ती आपल्यालाच गप्प करते आहे हे त्याला कळलं, आणि कुणासाठी करते आहे तेही कळलं. त्याने वाकून तिच्याकडे पाहिलं. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर होता. ओठ कोरसबरोबर हलत होते, मान एकीकडे कलली होती, गालावर लाजल्यासारखं काहीतरी होतं. संसाराच्या सुरुवातीला ती त्याच्याकडे अशी बघायची. मग कधी थांबली, ते त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि आज बघत होती तीही त्याच्याकडे नव्हे. तो तर मागे, प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता.

पुढे तो प्रश्न आला. चंद्रप्रकाश पेटीवर बोटं ठेवून खरंच गप्प बसला, मैदान खरंच उठलं, शिट्ट्या खरंच पडल्या. सगळं दत्ताराम सांगत आला होता तसंच्या तसं होतं. दिशाने बाबांकडे कौतुकाने पाहिलं. पण वीस वर्षं ज्या क्षणावर तो जगला होता त्या क्षणी दत्ताराम चंद्रप्रकाशच्या पडलेल्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो त्या मोतिया झब्बेवाल्याकडे बघत होता, आणि छातीत तीच जुनी आग पेटली होती, फक्त जास्त. चंद्रप्रकाशने त्याच्या तारखा घेतल्या होत्या. ह्याने त्याची बायको घेतली.

“काढ ती डिस्क,” तो दिशाला म्हणाला.

“बाबा, काढायला डिस्क नाहीये कुठे,” दिशा हसत म्हणाली, आणि लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी नितेशचा फोन आला. क्लिप मिळाली का? दत्तारामने सांगितलं, नाही मिळाली, डिस्क खराब झालीय, चालत नाही. आंगणेबुवा तर दिली म्हणाले, असं नितेश म्हणाला, तेव्हा त्याने ती फाइलही बिघडली आहे असं ठोकून दिलं. भरल्या सभागृहात लोकांनी त्या माणसाला ऐकायचं, टाळ्या वाजवायच्या, आणि मग माना वळवून पहिल्या रांगेत ह्या मोटरच्या आवाजाच्या म्हाताऱ्याकडे बघायचं, हे त्याला सोसणार नव्हतं. त्यापेक्षा चंद्रप्रकाश जिंकलेला परवडला. सत्काराला तो गेला, पहिल्या रांगेत बसला, जुने सहकारी म्हणून दोन शब्द बोलला. चंद्रप्रकाशने पडद्याकडे एकदा पाहिलं, एकदा दत्तारामकडे, आणि विचारलं काहीच नाही. दत्तारामलाही त्याची शाल बघून काही झालं नाही. त्या दुखण्याची जागा आता बदलली होती.

नंतरच्या आठवड्यात एका दुपारी तो बाजारातून भाजी घेऊन आला. दिशा ऑफिसात होती. लॅपटॉप तिला घरून काम असलं की लागायचा, एरवी टेबलावर पडून असे. दाराशी येऊन दत्तारामने बेलकडे हात नेला आणि तो तसाच राहिला. आतून गाणं येत होतं. तीच वरच्या सुरातली तान, आणि तिच्याखाली प्रेमाचा बारीक, जरासा बेसूर आवाज, कोरस धरणारा. ज्या बाईला मोबाईलवर साधा व्हिडिओ कॉल उचलता येत नव्हता, तिने दिशाकडून जी ड्राइव्ह लावायला शिकून घेतलं होतं. कधी शिकली, किती दिवस चाललं आहे, त्याला काही पत्ता नव्हता. आपण रोज ह्याच वेळी बाजारात जातो एवढं मात्र त्याला आठवलं.

तो बराच वेळ पिशवी धरून उभा राहिला. मग त्याने बेल जोरात आणि लांब दाबली. आतलं गाणं थांबलं. स्टूल सरकल्याचा आवाज आला, पावलं आली. प्रेमाने दार उघडलं तेव्हा तिच्या केसांत अबोलीचा गजरा होता आणि गालावर ते, त्या संध्याकाळचं, अजून होतं. त्याला बघून ते विझलं नाही, पण तिने नजर खाली केली.

“इतक्यात इलात?” ती म्हणाली.

दत्तारामने तिच्याकडे पाहिलं, तिच्या खांद्यावरून आत, मिटलेल्या लॅपटॉपकडे पाहिलं.

“लिंबं राहिली,” तो म्हणाला. पिशवी त्याने तिच्या हातात दिली आणि जिना उतरायला लागला. एक मजला उतरेपर्यंत वर काहीच ऐकू आलं नाही. मग दार लागलं, आणि थोड्या वेळाने गाणं पुन्हा सुरू झालं. दत्ताराम कठड्याला धरून थांबला, आणि अभंग संपेपर्यंत खाली गेला नाही.